ग्रहाचं वजन करायचं तर आधी ताऱ्याची झडती घ्या

प्रश्न थोडक्यात असा होता. कॉलेज रोडला राहणारा, बीएस्सी दुसऱ्या वर्षाचा मुलगा विचारतोय की पेपरात सारखं "पृथ्वीसारखा खडकाळ ग्रह सापडला" असं येतं, तो ग्रह तर कुठल्याच फोटोत दिसत नाही, मग त्याचं वजन कुणी केलं, आणि आत लोखंड एवढे टक्के, पाणी एवढे टक्के हे कशावरून ठोकून देतात? शिवाय घरी ८ इंची दुर्बीण आहे, ट्रॅकिंगवाला माउंट आहे, तर नाशिकमधून यातलं काही जमेल का?

दुसऱ्या वर्षाला आहेस म्हणून सरळ अरे-तुरे करते, राग मानू नकोस. मी नाशिक रोडचीच, आणि माझं रोजचं काम हेच आहे, ताऱ्यांच्या स्पेक्ट्रमवरून, म्हणजे उजेडाच्या रंगपट्ट्यावरून, वेग काढायचे आणि त्यातून ग्रहाचं वस्तुमान बसवायचं, ज्याला आमच्यात नुसतं आरव्ही (रेडियल व्हेलॉसिटी) म्हणतात.

तर तुझ्या एका प्रश्नात तीन प्रश्न आहेत: ग्रह केवढा, किती जड, आणि कशाचा बनलेला. पहिल्याचं उत्तर बऱ्यापैकी नीट मिळतं, दुसऱ्याचं घाम गाळून मिळतं, तिसऱ्याचा फक्त अंदाज मिळतो आणि तो अंदाज किती घट्ट आहे एवढंच आपण सांगू शकतो. बातमीवाले तिन्ही गोष्टी एका वाक्यात कोंबतात म्हणून घोळ होतो. आणि तिन्हीकडे गंमत अशी की ग्रहाकडे थेट कुणी बघतच नसतं, सगळी मापं ताऱ्याची असतात, त्यामुळे तारा नीट कळला नसेल तर ग्रहाबद्दलचं सगळं बोलणं हवेत.

मी मुद्दाम एक काल्पनिक ग्रह घेते म्हणजे आकडे हातात राहतील. तारा सूर्यापेक्षा थोडा लहान, त्रिज्या आणि वस्तुमान दोन्ही सूर्याच्या ०.७ पट. ग्रह पृथ्वीच्या १.६ पट त्रिज्येचा, ५ पट वस्तुमानाचा, १० दिवसांत एक फेरी मारतो.

आधी आकार. ग्रह ताऱ्यासमोरून गेला की ताऱ्याचा उजेड किंचित कमी होतो, हेच ट्रान्झिट. उजेड किती कमी होतो ते ग्रहाच्या आणि ताऱ्याच्या त्रिज्येच्या गुणोत्तराच्या वर्गावर ठरतं. लांबून कुणी आपला सूर्य बघत असेल तर गुरूमुळे साधारण १ टक्का उजेड कमी होईल आणि पृथ्वीमुळे १० लाखात ८४ भाग. आपला काल्पनिक ग्रह ०.०४४ टक्के कमी करेल. केप्लर आणि २०१८ मध्ये सोडलेला टेस, हे दोन्ही उपग्रह असलीच कामं करायला वर पाठवले कारण खालून वातावरणातून एवढी बारीक घट पकडणं फार अवघड. पण नीट बघ, मिळालं काय तर गुणोत्तर. ताऱ्याची त्रिज्या ५ टक्के चुकली की ग्रहाचीही ५ टक्के चुकली. गाया उपग्रहाने ताऱ्यांची अंतरं इतकी नीट दिली की ताऱ्यांच्या त्रिज्या आता पुष्कळ सुधारल्यात, त्याआधीचे जुने संशोधन-पेपर वाचताना त्रिज्येचे आकडे जरा चिमटीत धरूनच वाचायचे.

यात अजून एक खोच आहे जी बातमीत कधी येत नाही. टेसचा एक पिक्सेल आकाशात २१ आर्कसेकंदांचा असतो, म्हणजे चांगलाच ढोबळ, त्यात शेजारचा दुसरा ताराही बसू शकतो. समज तुझ्या ताऱ्याला चिकटून तेवढाच तेजस्वी दुसरा तारा आहे आणि ते कुणाच्या लक्षात आलं नाही, तर अर्धा उजेड परका, म्हणजे घट अर्धीच दिसणार, म्हणजे ग्रहाची खरी त्रिज्या काढलेल्यापेक्षा १.४१ पट मोठी निघणार. घनतेत त्रिज्येचा घन येतो, तेव्हा घनता सरळ २.८ पट कमी! खडकाळ म्हणून मिरवलेला ग्रह एका फटक्यात वायूची टोपी घातलेला निघतो. म्हणून मोठ्या दुर्बिणींनी शेजारी कोण आहे ते आधी तपासतात, आणि संशोधन-पेपरात ती तपासणी दिसली नाही तर मी पुढे वाचायच्या आधीच कपाळाला आठ्या घालते.

आता वजन, म्हणजे माझा प्रांत. ग्रह ताऱ्याभोवती फिरतो असं आपण म्हणतो पण दोघंही समाईक मध्याभोवती फिरतात, तारा थोडासाच हलतो. तो आपल्याकडे येताना त्याच्या स्पेक्ट्रममधल्या रेषा निळ्याकडे सरकतात, लांब जाताना लालकडे. गुरू सूर्याला सेकंदाला साधारण १२.५ मीटर वेगाने हलवतो, पृथ्वी फक्त ९ सेंटिमीटरने. आपला काल्पनिक ग्रह ताऱ्याला सेकंदाला १.९ मीटर हलवेल, म्हणजे ताशी ७ किलोमीटरसुद्धा नाही, आणि हे आपण कित्येक प्रकाशवर्षांवरून मोजायला बसलोय. डिटेक्टरवर १ मीटरचा वेग म्हणजे रेषा एका पिक्सेलच्या साधारण हजाराव्या भागाने सरकणं. असं एका रेषेवरून होत नाही, हजारो रेषा एकत्र धरून होतं.

त्यात आपण स्वतः स्थिर नाही. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला ३० किलोमीटरने पळतेय, आणि वर पृथ्वी स्वतःभोवती फिरते म्हणून एकटं नाशिकच सेकंदाला साधारण ४३५ मीटरने पूर्वेकडे चाललंय. हे सगळं वजा करून मग ते १.९ मीटर शोधायचे. ही वजाबाकी मात्र भरवशाची असते कारण पृथ्वीची गती आपल्याला उत्तम माहितीय. यंत्रंही आता चांगली आहेत, चिलीतल्या ला सिया वेधशाळेच्या हार्प्स स्पेक्ट्रोग्राफने (ताऱ्याच्या उजेडाचा स्पेक्ट्रम घेणारं यंत्र) २००३ पासून सेकंदाला १ मीटरच्या आसपासची अचूकता दाखवली, चिलीतल्याच परानाल वेधशाळेचं एस्प्रेसो ८.२ मीटर व्यासाच्या दुर्बिणींवर चालतं आणि त्याच्याही पुढे जातं. आपल्याकडे माउंट अबूला गुरुशिखरावर अहमदाबादच्या फिजिकल रिसर्च लॅबोरेटरीचा (पीआरएल) पारस स्पेक्ट्रोग्राफ आहे, त्यांनी २०१८ मध्ये १.२ मीटरच्या दुर्बिणीवरून पृथ्वीच्या साधारण २७ पट वस्तुमानाचा आणि ६ पट त्रिज्येचा ग्रह जाहीर केला. एवढ्याशा दुर्बिणीला ते मोठंच काम होतं. पण पृथ्वीच्या ५ पट वस्तुमानाकडे जायचं तर फोटॉन जास्त लागतात, म्हणजे आरसा मोठा लागतो, त्याला इलाज नाही.

पण खरं सांगू का, यंत्रापेक्षा जास्त त्रास तारा देतो. तारा म्हणजे काही शांत दिवा नाही. सूर्यासारख्या ताऱ्याचा पृष्ठभाग साधारण ५ मिनिटांच्या तालात वरखाली होत असतो, म्हणून १ मिनिटाचं एक्स्पोजर घेऊन चालत नाही, १०-१५ मिनिटं घ्यायचं म्हणजे तो ताल सरासरीत विरतो. मग पृष्ठभागावर उकळणाऱ्या वायूचे फुगवटे, त्यांचं आयुष्य मिनिटांपासून तासांपर्यंत, म्हणून एकाच रात्री दोन-तीनदा अंतर ठेवून मोजायचं. हे दोन्ही तरी सहन होतात, खरा वैताग डागांचा. ताऱ्याचा एक काठ आपल्याकडे फिरत येतो, दुसरा लांब जातो, येणाऱ्या बाजूवर मोठा डाग असला की त्या बाजूचा उजेड कमी पडतो आणि सगळ्या ताऱ्याचा सरासरी वेग खोटा बदलतो. डाग ताऱ्याबरोबर फिरतो, म्हणजे हा खोटा वेगही ठरावीक दिवसांनी परत येतो, अगदी ग्रहासारखा, आणि तो सेकंदाला कित्येक मीटर असू शकतो जिथे आपल्याला १.९ हवे असतात.

याची दोन उदाहरणं मी नवीन मुलांना कायम देते. कोरो-७बी, २००९ मधला, पहिल्या खडकाळ परग्रहांपैकी एक, तारा डागाळलेला आणि चळवळ्या. मूळ मोजमापं तीच, पण डागांचा हिशेब कुणी कसा वजा केला यावर वेगवेगळ्या गटांची वस्तुमानं पृथ्वीच्या साधारण २ पटीपासून ८ पटीच्या आसपासपर्यंत आली. २ पट म्हणजे हलका, पाणीबिणी असलेला, ८ पट म्हणजे लोखंडाचा गोळा! दुसरं उदाहरण अल्फा सेंटॉरी बी भोवतीचा ग्रह. २०१२ मध्ये मोठी घोषणा झाली, आपल्या शेजारी, ३.२ दिवसांची फेरी, वेग सेकंदाला अर्धा मीटर. साधारण ३ वर्षांनी त्याच डेटाची उलटतपासणी झाली तर तो सिग्नल ताऱ्याची कुरबुर आणि निरीक्षणं कुठल्या रात्री घेतली त्या वेळापत्रकाच्या खेळातून तयार झाला होता असं निघालं. ग्रह गायब. वेळापत्रकाचा हा खेळ आपल्याकडे तर ठाण मांडून बसलेला, पावसाळ्यात चार महिने आकाशच नाही, मग डेटात दर वर्षी त्याच ठिकाणी भगदाड.

उलट कधी कधी डागाळलेला ताराही चालून जातो, हे परिस्थितीवर आहे. केप्लर-७८बी हा पृथ्वीच्या १.२ पट त्रिज्येचा ग्रह, तारा चांगलाच डागाळलेला, पण ग्रहाची फेरी फक्त साडेआठ तासांची आणि ताऱ्याची फिरकी साधारण १२ दिवसांची. मग एका रात्रीत बरेचदा मोजलं की त्या रात्रीपुरता डाग जागेवरच समजता येतो, जो फरक दिसतो तो ग्रहाचा. २०१३ मध्ये दोन वेगळ्या टीमनी दोन वेगळ्या दुर्बिणींवरून हे वस्तुमान काढलं, एकाचं १.७ च्या आसपास, दुसऱ्याचं १.९ च्या, एरर बार (आकडा दोन्हीकडे किती चुकू शकतो ती मर्यादा) धरले तर जुळतंच. मला असं काही दिसलं की झोप नीट लागते. म्हणून पेपर हातात आला की मी आधी ताऱ्याची फिरकी किती दिवसांची ते बघते, आणि ती किंवा तिच्या निम्मी जर ग्रहाच्या फेरीच्या आसपास असेल तर वस्तुमानाच्या पुढे छापलेला एरर बार मनातल्या मनात मोठा करून घेते.

एक छोटी गोष्ट राहायला नको, आरव्हीने खरं तर किमान वस्तुमान मिळतं, कक्षा किती कलती आहे ते कळत नाही म्हणून. ट्रान्झिट होत असेल तर कक्षा आपल्या नजरेच्या रेषेत जवळजवळ आडवीच, तिथे प्रश्न मिटतो. सूर्याच्या सगळ्यात जवळच्या ताऱ्याचा ग्रह प्रॉक्झिमा बी, त्याचं ट्रान्झिट सापडलेलं नाही, म्हणून इतका जवळचा असून त्याची त्रिज्या आणि घनता आपल्याला मोजताच येत नाही, बातमीत मात्र त्याची खडकाळ किनाऱ्यांची चित्रं!

वजन काढायचा दुसरा रस्ताही आहे, ग्रहांनी एकमेकांना ओढायचा. एकाच ताऱ्याचे ग्रह जवळजवळ असले की ट्रान्झिट ठरलेल्या वेळेच्या आधी किंवा नंतर व्हायला लागतात आणि त्या उशिरावरून वस्तुमान निघतं. ट्रॅपिस्ट-१ या ताऱ्याचे सातही ग्रह असेच मोजले, तारा इतका मंद आणि लालसर की आरव्हीला तिथे अवघडच गेलं असतं, पण वेळांच्या हिशेबाने २०२१ पर्यंत ३ ते ५ टक्क्यांपर्यंतची अचूकता आली. पण हे नशिबावर, सगळ्या ग्रहांना असे सोयीचे शेजारी नसतात.

आता घनता. आपल्या काल्पनिक ग्रहाची घनता ५ भागिले १.६ चा घन, गुणिले पृथ्वीची ५.५१, म्हणजे घनसेंटिमीटरला साधारण ६.७ ग्रॅम. वस्तुमानात २० टक्के आणि त्रिज्येत ५ टक्के एरर धरला, जो अजिबात वाईट नाही, तरी घनतेत २५ टक्के एरर येतो. बरं, ६.७ म्हणजे पृथ्वीपेक्षा जास्त, म्हणजे लोखंड जास्त, असं म्हणायचं का? नाही! इथे भलेभले फसतात. ग्रह जड असला की स्वतःच्या वजनाने आतून दाबला जातो. पृथ्वीचाच दाब काढून टाकला तर तिची घनता ४ च्या आसपास येते. पृथ्वीचंच मिश्रण घेऊन ५ पट वस्तुमानाचा ग्रह बनवला तर त्याची त्रिज्या १.५४ पट आणि घनता साधारण ७.५ व्हायला हवी. म्हणजे आपला ६.७ वाला पृथ्वीसारख्या मिश्रणापेक्षा थोडा हलकाच निघाला, आणि २५ टक्के एररमध्ये दोन्ही बसतात. बुधाचं उलट, तो लहान असल्याने दबत नाही तरी ५.४३, कारण त्याच्या वस्तुमानाचा साधारण ७० टक्के भाग लोखंडी गाभा, पृथ्वीचा गाभा एक तृतीयांशाच्या आसपास.

मग कशाचा बनलाय? हातात आकडे दोनच, वस्तुमान आणि त्रिज्या, आणि शक्य असलेले माल चार: लोखंड, खडक, पाणी, आणि वर हायड्रोजन-हेलियम. लासलगावला कांद्याची ट्रॉली लिलावाला येते तेव्हा वजनकाट्यावर भार कळतो, ट्रॉली केवढी तेही दिसतं, वरचा थर हातात घेऊन बघता येतो, पण तळाला काय भरलंय ते खाली केल्याशिवाय कळत नाही, आणि आपला ग्रह तर कधी खाली होणारच नाही. जास्त लोखंडाच्या गोळ्यावर जरासं पाणी, आणि कमी लोखंडाचा गोळा कोरडाच, दोघांची घनता तीच येऊ शकते. हायड्रोजन तर महाबिलंदर, वस्तुमानाच्या १-२ टक्के असला तरी ग्रह फुगून जवळजवळ दुप्पट दिसू शकतो. ट्रॅपिस्ट-१ चंच घे, सातही ग्रह पृथ्वीच्या मिश्रणाने यायला हवी त्यापेक्षा साधारण ८ टक्के कमी घनतेचे आहेत, आणि यावर तीन स्पष्टीकरणं टेबलावर आहेत, गाभा छोटा आहे, किंवा लोखंड गाभ्यात न जाता ऑक्सिजनशी जोडून खडकात पसरलंय, किंवा वर पाणी आहे. वस्तुमान एवढं अचूक असूनही निकाल लागलेला नाही.

मग टक्के कुठून येतात? ग्रह आणि तारा एकाच ढगातून बनले असं धरून ताऱ्याच्या स्पेक्ट्रममधलं लोखंड, मॅग्नेशियम, सिलिकॉन यांचं प्रमाण ग्रहाला लावतात, म्हणजे परत ताऱ्याकडेच. हे गृहीतक बरं आहे, पृथ्वीला आणि शुक्राला बऱ्यापैकी लागू पडतं, पण बुध त्याच सूर्याचा असून तिथे ते सपशेल आपटतं. म्हणून "२६ टक्के लोखंड" असं दिसलं की त्यात मोजलेलं किती आणि धरलेलं किती ते आधी विचारायचं.

थोडी मदत आकडेवारीची होते. २०१७ मध्ये केप्लरच्या ग्रहांची छाननी झाली तेव्हा दिसलं की पृथ्वीच्या १.५ ते २ पट त्रिज्येच्या मधे ग्रह कमी आहेत, एक दरीच आहे. दरीच्या अलीकडचे बहुतेक उघडे खडक, पलीकडचे काहीतरी पांघरून बसलेले, असं आम्ही ढोबळमानाने धरतो. आपला १.६ वाला नेमका दरीच्या काठावर, तिथे मी कुठल्याच बाजूने पैज लावणार नाही. आणि जेम्स वेब अवकाश दुर्बिणीने वरचा थर बघता येतो. ट्रॅपिस्ट-१बीची दिवसाची बाजू साधारण ५०० केल्विन निघाली, म्हणजे उष्णता पलीकडे वाहून नेणारं जाड वातावरण तिथे बहुधा नाही. हा थेट पुरावा आहे, पण वरच्या थराचाच, आतल्या गाभ्याचा नाही. शुक्र आणि पृथ्वी लांबून बघणाऱ्याला वस्तुमान आणि त्रिज्येवरून जुळे वाटतील हेही लक्षात असू दे, "पृथ्वीसारखा" या शब्दात तो भट्टीसारखा शुक्रसुद्धा मावतो.

आता तुझी ८ इंची. स्पष्टच सांगते, ०.०४४ टक्क्यांची घट नाशिकच्या गच्चीवरून दिसणार नाही, त्र्यंबकच्या पुढे अंधारात गेलास तरी नाही, कारण अडचण शहराच्या उजेडापेक्षा हवेच्या थरथरीची आहे. आरव्ही तर विसरच. पण मोठे ग्रह नक्की जमतात. एचडी १८९७३३बी पासून सुरू कर, डंबेल नेब्युलाच्या जवळचा ७.७ प्रतीचा (प्रत म्हणजे तेजाचं माप) तारा, दर २.२ दिवसांनी ट्रान्झिट, घट साधारण २.४ टक्के, सगळं पावणेदोन-दोन तासांत उरकतं. नाशिकच्या अक्षांशावरून तो जवळजवळ डोक्यावर येतो, पाऊस गेल्यावर ऑक्टोबरच्या मध्याला संध्याकाळी सातच्या सुमाराला. तारा तेजस्वी आहे म्हणून फोकस मुद्दाम थोडा बिघडवायचा म्हणजे पिक्सेल भरून जात नाहीत, फ्रेममध्ये त्याच्या आसपासच्या तेजाचा दुसरा तारा तुलनेला ठेवायचा, आणि ट्रान्झिटच्या आधी-नंतर प्रत्येकी निदान तासभर मोजत राहायचं, हा तास सगळे वाचवतात आणि मग त्यांचा लाइट कर्व्ह, म्हणजे उजेडाचा आलेख, तिरपा येतो. हात बसला की एक्सोक्लॉकमध्ये वेळा पाठव, तो युरोपच्या एरियल या अवकाश दुर्बिणीच्या मोहिमेसाठी ग्रहांची वेळापत्रकं ताजी ठेवणारा प्रकल्प आहे आणि हौशी लोकांची निरीक्षणं घेतो. टेसच्या संशयित ग्रहांमध्ये शेजारचाच एखादा जोडतारा खोडी काढत नाही ना हे बघायलाही ८ इंची पुरते, आणि वर म्हटलं ना, तिथेच कित्येक खडकाळ ग्रहांची विकेट पडते.

पावसाळ्यात संगणकावर बस. पायथॉन येत असेल तर लाइटकर्व्ह आणि रॅडवेल या दोन लायब्ररी फुकट आहेत, केप्लर-७८ चा डेटाही खुला आहे. एकदा सगळ्या डेटावर वस्तुमान काढ, मग अर्धे बिंदू उचलून टाक आणि परत काढ, मग उरलेल्या अर्ध्यांवर काढ. तिन्ही उत्तरं आपापल्या एरर बारमध्ये जुळतात का ते बघ, आणि मग हाच प्रयोग कोरो-७ च्या डेटावर कर. जिथे अडशील तिथे विचार, फक्त कोड आणि आलेला ग्राफ दोन्ही टाक, नुसतं "येत नाहीये" म्हणून मला काही कळणार नाही.